चित्रातला बैल चालतो कसा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रेडिओवरून चित्रांविषयी बोलायचं म्हणजे थोडं अवघडच. तुम्हाला मी दिसत नाही, माझी चित्रंही दिसत नाहीत. पण आजचा विषय असा आहे की त्याला चित्रापेक्षा तुमचे स्वतःचे हातपाय जास्त उपयोगी पडतील. तेव्हा जेवायला बसला असाल तर डावा हात तरी मोकळा ठेवा.

मी यवतमाळला जवळजवळ लागून असलेल्या लोहाऱ्यात राहतो. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला कपाशी आणि सोयाबीनची शेतं. माझा व्यवसाय चित्रं काढण्याचा, पण ती दिवाणखान्यात लावायची चित्रं नव्हेत. जनावरांच्या आजारांची माहितीपत्रकं, शाळेतले तक्ते, सापांची ओळख करून देणारी भित्तिपत्रकं, अशी कामाची चित्रं. याला शास्त्रीय चित्रकला म्हणतात. या चित्राला सुंदर असण्याची सक्ती नाही, पण खरं असण्याची आहे. आणि उभ्या प्राण्याचं खरं चित्र काढणं एक वेळ जमतं. प्राणी चालू लागला की भल्याभल्यांची पंचाईत होते.

आता तो डावा हात पुढे घ्या. पंजा जमिनीवर किंवा टेबलावर पूर्ण टेकवा. अस्वल आपला मागचा पाय असा टेकवतं. म्हणून त्याच्या मागच्या पायाचा ठसा जंगलात पाहिला तर अनवाणी माणूस चालून गेल्यासारखा वाटतो. आता तळहात उचला, फक्त बोटं टेकलेली राहू द्या. हे झाले कुत्रा, मांजर, वाघ. आता मनगट आणखी उंच करा आणि फक्त मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं टेकवा. हा झाला बैल. बैलाचा दुभंगलेला खूर म्हणजे दोन बोटांची नखं. मागे वर लटकणाऱ्या दोन छोट्या खुऱ्या म्हणजे तर्जनी आणि करंगळीचे उरलेले अवशेष. घोड्याने तर एकट्या मधल्या बोटावर संसार मांडला आहे.

एवढं एकदा हातात बसलं, की चित्रकाराच्या निम्म्या चुका टळतात. बैलाच्या पुढच्या पायात मध्यावर जो सांधा दिसतो, ज्याला आपण सर्रास गुडघा म्हणतो, ते खरं त्याचं मनगट आहे. मागच्या पायात जो सांधा उलटा वाकलेला दिसतो, तो उलटा गुडघा नाही. ती त्याची टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ, कातडीखाली दडलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. बगळ्याचंही तेच. यांच्यापैकी कुणाचाही गुडघा मागे वाकत नाही, हे पोरांना सांगितलं की ती आधी विश्वास ठेवत नाहीत. मग स्वतः टाच उचलून चवड्यावर उभी राहून पाहतात.

पाय कळले. आता चाल.

चार पायांचा प्राणी सावकाश चालतो तेव्हा पाय कोणत्या क्रमाने पडतात? घरात रांगतं बाळ असेल तर त्याच्याकडे पाहून ठरवू नका. ते बहुधा उजवा हात आणि डावा गुडघा जोडीने पुढे टाकतं. बैल, गाय, घोडा, कुत्रा, वाघ यांचा संथ चालीतला क्रम असा असतो : डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. पुन्हा डावा मागचा. प्रत्येक पाऊल वेगळं, म्हणजे चार ठोके. मांडीवर बोटांनी वाजवून पाहा : टप, टप, टप, टप. या क्रमामागे कारण आहे. अगदी संथ चालीत एका वेळी एकच पाय उचललेला असतो आणि उरलेल्या तीन पायांचा जमिनीवर त्रिकोण होतो. शरीराचा तोल त्या त्रिकोणाच्या आत राहिला पाहिजे. क्रम बदलला तर त्रिकोण अरुंद होतो आणि जनावर डुगडुगतं. तिवईवर हंडा ठेवणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

चित्रकाराला यातून एक सोपी परीक्षा मिळते. मागचा डावा खूर पुढे येऊन टेकतो, त्याच्या जरा आधी डाव्या पुढच्या खुराला जागा सोडून उठावं लागतं. त्या क्षणी डाव्या बाजूचे दोन्ही पाय पोटाखाली एकमेकांजवळ आलेले दिसतात आणि उजव्या बाजूचे दोन्ही लांब फाकलेले असतात. चालत्या जनावराच्या चित्रात दोन्ही बाजूंचे पाय एकाच वेळी पूर्ण फाकलेले दिसले, की समजावं चित्रकाराने अंदाजपंचे काम उरकलं आहे.

असं काम उरकणारे थोडे नाहीत. हंगेरीतले शास्त्रज्ञ गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा चक्क हिशेबच मांडला. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं, की निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयांतल्या चालत्या चतुष्पादांपैकी सुमारे ४१ टक्क्यांचे पाय चुकीचे आहेत. खेळण्यांमध्ये हे प्रमाण ५० टक्के, आणि प्राण्यांच्या शरीररचनेच्या पुस्तकांमध्ये, हे ऐकून मी तरी दोन मिनिटं गप्प बसलो, ६३.६ टक्के. म्हणजे ज्या पुस्तकावरून शिकायचं तेच खेळण्यापेक्षा जास्त चुकतं. पुढे २०१२ मध्ये याच मंडळींनी जुन्या-नव्या हजार चित्रशिल्पांची तपासणी केली. डोळे मिटून कसेही पाय काढले तर ७३ टक्क्यांच्या आसपास चुकतील, असा त्यांचा हिशेब. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या चित्रकारांच्या चुका ८३.५ टक्के निघाल्या, म्हणजे डोळे मिटण्यापेक्षाही वाईट. आणि गुहेच्या भिंतीवर रंग फासणाऱ्या आदिमानवाच्या? ४६.२ टक्के. ज्याचं पोट शिकारीवर होतं, त्याने जनावराकडे नीट पाहिलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असं काय घडलं की चित्रकारांच्या चुका कमी झाल्या? जून १८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेऱ्यांची रांग लावली. आडव्या ताणलेल्या दोऱ्या घोडीच्या पायांनी तुटत गेल्या तसतसे एकेक कॅमेरे उघडत गेले. त्याआधीचे चित्रकार भरधाव घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून त्याला हवेत तरंगवत. मायब्रिजच्या छायाचित्रांत दिसलं ते उलटंच. घोड्याचे चारही खूर हवेत असतात हे खरं, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. ताणलेले असताना नाही. आपल्या मराठीत ‘चौखूर उधळणे’ म्हणतात. शब्द किती नेमका आहे पाहा! चारही खुरांचा हिशेब भाषेने ठेवला, चित्रकारांनी ठेवला नाही. मायब्रिजचं ७८१ चित्रपटलांचं मोठं काम १८८७ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्यानंतरच्या चित्रांतही होर्वाथ यांना ५७.९ टक्के चुका सापडल्याच. छायाचित्र उपलब्ध असणं आणि चित्रकाराने ते पाहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्याकडे ही तपासणी करायला शास्त्रज्ञ लागत नाही. एका दुकानातल्या दिनदर्शिकेवर नांगर ओढणाऱ्या बैलजोडीचं झकपक चित्र होतं. आमच्या गावातले एक म्हातारे शेतकरी ते बराच वेळ न्याहाळत होते. मग मला म्हणाले, “मास्तर, हा बैल चालून नाही राह्यला. हा तं पडून राह्यला.” मी पाय मोजले. एकाच बाजूचे दोन्ही खूर हवेत होते आणि अंगाचा सारा भार दुसऱ्या बाजूला कुठेच झुकलेला नव्हता. म्हाताऱ्यांना त्रिकोणाचा सिद्धांत माहीत नव्हता. पन्नास वर्षं बैलाच्या मागे चाललेल्या माणसाला तो माहीत असण्याची गरजही नसते.

आता एक युक्ती सांगतो. ती नवशिक्या चित्रकारांसाठी आहे, पण घरी बैल असलेल्या कुणालाही करून पाहता येईल. पोळ्याच्या दिवशी आपण बैलाला सजवतो, अंगावर गेरूचे आणि रंगाचे ठसे उमटवतो. या वेळी त्यातले सात ठसे जरा विचारपूर्वक उमटवा : खांद्याच्या पात्याचं वरचं टोक, खांद्याचा सांधा, कोपर, मनगट, आणि मागे कमरेचं हाड, गुडघा, टाच. हे ठसे पुढे काही दिवस टिकतात. मग बैल बाजूने चालत जाताना मोबाईलवर संथ गतीचं चित्रीकरण करा. हल्ली साध्या फोनमध्येही ती सोय असते. नंतर एकेक चित्र थांबवून ठसे रेघांनी जोडत जा. पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८० च्या दशकात नेमकं हेच केलं होतं. माणसाला काळा पोशाख घालून त्यावर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि एकाच काचेवर हालचालींची मालिका टिपली. हालचालींच्या शास्त्राचा पाया त्यातून पडला. आपल्याकडे पट्ट्यांच्या जागी गेरू.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. कातडी हाडाला चिकटवलेली नसते. बैल पाय पुढे टाकतो तेव्हा खांद्यावरचा ठसा एकीकडे आणि खालचं हाड दुसरीकडे सरकतं. त्यामुळे ठशावर आंधळा विश्वास नको; मधूनमधून हात लावून हाड चाचपावं. बैल ओळखीचा असेल तरच, हे वेगळं सांगायला नको.

हा खांदाच चित्रकाराला सर्वांत जास्त फसवतो. आपल्या गळ्यापाशी दोन्ही बाजूंना आडवं हाड लागतं, ते हाताला धडाशी जोडतं. बैलाला आणि घोड्याला ते हाडच नसतं. वाघाला असतं ते नावापुरतं, कशालाही न जोडलेलं. म्हणजे या जनावरांचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत. दोन्ही पात्यांच्या मध्ये स्नायूंची झोळी आहे आणि छातीचा पिंजरा त्या झोळीत टांगलेला आहे. पाळण्यात मूल असावं तसा. धावता घोडा उडी घेऊन पुढच्या पायांवर उतरतो तेव्हा बसणारा दणका ही झोळी झेलते. आणि म्हणूनच दबा धरून चालणाऱ्या वाघाच्या चित्रात खांद्याची पाती पाठीच्या रेषेच्या वर आलटूनपालटून निघाली पाहिजेत. ज्या पायावर भार, त्याचं पातं वर. दोन्ही खांदे एका पातळीत काढले, की तो वाघ चालत नाही, ढकलल्यासारखा सरकतो.

बैलाच्या बाबतीत हे पातं म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न आहे. जू मानेवर, वशिंडाच्या पुढे बसतं. बैल ओढताना पुढे रेलतो, आणि जवान पातं प्रत्येक पावलाला आतून पुढे-मागे सरकत राहतं. जू खडबडीत असेल, एका बाजूला कललं असेल किंवा जोडीतले बैल उंचीने विजोड असतील, तर सरकणारी कातडी आणि न हलणारं लाकूड यांच्यात घर्षण होतं आणि खांदा सुजतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतो. ती नुसती रीत नाही, नेमक्या दुखऱ्या जागेची आठवण आहे. माहितीपत्रकात जू दाखवताना म्हणून मी बैल उभा दाखवत नाही, ओढताना दाखवतो. उभ्या बैलावर कोणतंही जू नीटच बसलेलं दिसतं.

आता गाईकडे वळू. गाय उठते कशी? घरात गाय असलेल्यांनीही क्षणभर थांबून आठवून पाहावं. घोडा उठतो तो पुढचे पाय आधी रोवून. गाय उठते ती उलटी. आधी पुढच्या ‘गुडघ्यांवर’, म्हणजे आता आपल्याला ठाऊक झाल्याप्रमाणे मनगटांवर येते, मग डोकं आणि मान दोन-तीन फूट पुढे झोकते. त्या झोक्याने मागचा भार हलका होतो, मागचं धड वर उठतं, आणि सर्वांत शेवटी पुढचे पाय एकेक करून सरळ होतात. बसताना याच्या उलट. देवळातला नंदी आठवा. अनेक नंदींचा एक पुढचा पाय दुमडलेला आणि दुसरा खूर टेकवून उभा केलेला असतो. हाकेला ओ द्यायला तो उठण्याच्या तयारीत आहे, अशी आपली भावना असते. गोठ्यातला बैल तसा उठत नाही, पण नंदीला आपण गोठ्याचे नियम कशाला लावा?

गोठ्यातल्या गाईला मात्र ते नियम लागू आहेत. तिला डोकं पुढे झोकायला जागा हवी. गव्हाणीची भिंत तोंडाशी असेल किंवा दावं अगदी आखूड बांधलं असेल, तर झोका घेता येत नाही. मग ती मागचं धड उचलू शकत नाही. खटपट करते, घसरते, कधी कुत्र्यासारखी मागच्या पुठ्ठ्यावर बसून पुढचे पाय आधी उचलायला बघते. मालकाला वाटतं गाय आळशी झाली, किंवा कमरेत गेली. उठायला त्रास होतो म्हणून ती उठायचंच टाळते. वैरणीकडे, पाण्याकडे जाणं कमी होतं, मनगटावरची आणि टाचेवरची कातडी सोलवटते. दूध कमी झाल्यावर औषधांचा खर्च सुरू होतो. अशी कुत्र्यासारखी बसलेली गाय दिसली तर डॉक्टरांना दाखवायचंच, कारण ते खुराच्या किंवा कमरेच्या दुखण्याचंही लक्षण असू शकतं. पण आधी दाव्याची लांबी मोजावी. गाय उठण्याच्या पाच पायऱ्यांची मालिका मी एका पत्रकासाठी काढली, तेव्हा पाचही चौकटींत गाईच्या नाकापुढे मोकळी जागा सोडली होती. छपाईच्या वेळी कुणीतरी म्हणालं, कागद वाया जातो, चौकटी लहान करा. मी म्हटलं, तीच जागा तर दाखवायची आहे.

लंगड्या जनावराचं चित्र हे तर आणखी नाजूक काम. लंगडेपणा पायात दिसायच्या आधी डोक्यात आणि पाठीत दिसतो. पुढचा पाय दुखत असेल तर जनावर त्या पायावर भार पडताना डोकं वर उचलतं आणि चांगल्या पायावर भार पडताना डोकं खाली टाकतं. मान खाली गेली तो पाय निरोगी, हे उफराटं वाटतं, म्हणून लोक चुकीचा पाय तपासत बसतात. गाईंच्या खुराचं दुखणं बहुतेक वेळा मागच्या पायात असतं. तिथे पाठ पाहावी. निरोगी गाय उभी असताना आणि चालताना पाठ सपाट ठेवते. दुखणं सुरू झालं की उभी असताना पाठ सपाट, पण चालायला लागली की कमानीसारखी वर येते. दुखणं वाढलं की उभ्यानेही कमान तशीच राहते. म्हणजे पहिल्या टप्प्यावरचं दुखणं उभ्या गाईच्या चित्रात दाखवताच येत नाही. आणखी एक खूण मातीत मिळते. चांगल्या चालीत मागचा खूर साधारण पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या अगदी जवळ पडतो. तो मागे पडायला लागला, म्हणजे पाऊल आखडलं. आणि अंधारात परतणाऱ्या बंडीच्या घुंगरमाळेचा ठेका बिघडला, की जाणता शेतकरी ओट्यावर बसल्या बसल्या कुठला बैल पाय राखतोय ते सांगतो. रेडिओच्या श्रोत्यांना हे पटायला हरकत नाही.

मातीतल्या ठशांवरून टिपेश्वर आठवलं. आपल्या जिल्ह्यातलं हे अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. वाघही चालताना मागचं पाऊल पुढच्या ठशावर किंवा त्याच्याजवळ ठेवतो. पुढच्या पायाने जागा चाचपली, मागच्याला पुन्हा धोका पत्करायला नको. पूर्वी वनरक्षक काच ठेवून त्यावर ठसा गिरवून घेत आणि त्यावरून वाघ मोजत. २००६ पासून मोजणी कॅमेऱ्यांवर आली. त्या कॅमेऱ्यांनी वाघ मोजलेच, पण आम्हा चित्रकारांनाही बाजूने चालणारा, न बुजलेला, आपल्याच नादातला वाघ पहिल्यांदा भरपूर पाहायला मिळाला. याच टिपेश्वरमधून २०१९ मध्ये एक तरुण नर वाघ बाहेर पडला. त्याच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेने बसवलेला पट्टा होता. तेलंगणाच्या हद्दीतून, शेतांतून, रस्ते ओलांडत तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पट्ट्याच्या नोंदींनी त्याची चाल तीन हजार किलोमीटरहून जास्त भरवली. ती धाव नव्हती. तोच चार ठोक्यांचा संथ क्रम, बहुतेक रात्रीचा, नाल्याकाठाने.

चालीतून धावेत जनावर कधी जातं, याचाही एक हिशेब आहे. चालताना पाय हा उलट्या लंबकासारखा काम करतो : खूर जमिनीवर, अंग त्याच्यावरून झुलत पुढे. वेग फार वाढला तर हे झुलणं जमत नाही, मग दुडकी चाल सुरू होते. तिच्यात दोन ठोके, कर्णातले पाय जोडीने. लांब पायाला जास्त वेगापर्यंत चालता येतं. म्हणून गाय रमतगमत चालत असते आणि शेजारी वासरू मात्र दुडदुडत असतं. पण पाय निम्मा म्हणून वेग निम्मा, असं नाही. निम्म्या पायाच्या प्राण्याला सुमारे सात दशांश वेगालाच चाल बदलावी लागते. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ मध्ये याच तत्त्वावर डायनोसॉरच्या पाऊलखुणांवरून त्यांचा वेग काढून दाखवला. हत्ती या बाबतीत आपल्या तोऱ्यात असतो. थायलंडमधल्या हत्तींवरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास वेग गाठूनही हत्तीच्या पावलांचा क्रम चालीचाच राहतो आणि त्याचे चारही पाय एकदम हवेत जात नाहीत. हवेत उडणारा हत्ती काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

शंकरपटाच्या जाहिरातीही पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ मे २०२३ च्या निकालानंतर शर्यतींचे फलक पुन्हा गावोगाव दिसायला लागले. फलकांवरचे बैल बहुतेक त्या जुन्या इंग्रजी घोड्यांसारखे चारही पाय ताणून तरंगतात. ताणून तरंगणं शिकारी कुत्र्याला आणि चित्त्याला जमतं, कारण त्यांचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. भरल्या पोटाच्या, ताठ कण्याच्या बैलाला ते जमणारं नाही. तो धावतो तो मान आणि खांद्यांच्या झोक्यावर.

आणि ज्याला कुणीच चालताना पाहिलेलं नाही, त्याचं काय? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव इथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना एका महाकाय डायनोसॉरची हाडं सापडली. १९९७ मध्ये त्याचं वर्णन झालं, २००३ मध्ये संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळालं. त्याला चालवायचं तर सांध्यांच्या खोबणी पाहाव्या लागतात. खोबण जेवढं वळू देईल तेवढंच हाड वळणार. त्याच्या गोताच्या डायनोसॉरच्या पाऊलवाटा इतर देशांत मिळाल्या आहेत, त्या रुंद आहेत. म्हणजे डावे-उजवे पाय एका ओळीत पडत नसून चांगले फाकून पडत. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या डायनोसॉरच्या शेणाच्या दगडांत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं. तोवर डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढणं चूक मानलं जाई. माझ्या ओळखीच्या एका चित्रकाराने त्या आठवड्यात एका जुन्या चित्रात हिरवा रंग भरला.

शेवटी सापांविषयी, कारण पावसाळ्यात सर्वांत जास्त मागणी त्याच तक्त्यांना असते. साप वर-खाली लाटेसारखा काढण्याची सवय मुलांच्या पुस्तकांनी लावली आहे. सापाच्या पाठीत दोनशे ते चारशे मणके असतात, आणि ते प्रामुख्याने डावी-उजवीकडे वळतात. नाग, धामण असे नागमोडी जातात. जाडजूड घोणस आणि अजगर पुष्कळदा सरळ रेषेत, पोटाचे खवले पुढे सारत सरपटतात. फुरसं मोकळ्या जमिनीवर तिरकं, कडेकडेने जातं, आणि डिवचलं तर वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. घोणस कुकरच्या शिटीसारखी फुसफुसते. मण्यार यातलं काहीच करत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला गुपचूप चावून जाते. तिचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट असतात. बिनविषारी कवड्याचे बरोबर उलट. छापील तक्त्यात तिचं डोकं आणि मानच मोठी करून दाखवली, की ओळखायची खूण चौकटीबाहेर राहते.

साप झेप घेतो ती मानेचं इंग्रजी एससारखं वळण सरळ करून, आणि साधारण अंगाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्या लांबीपर्यंत. चार फुटी घोणशीला दोन फुटांच्या पलीकडचं बहुधा गाठता येत नाही. म्हणून तक्त्यावर साप आणि माणूस यांच्यातलं अंतर मी पट्टीने मोजून काढतो. सापाला मारून किंवा पकडून दवाखान्यात न्यायची गरज नाही, कारण आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध या चारही सापांवर चालतं आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. चावलेला हातपाय मात्र हलता कामा नये, कारण स्नायूंच्या हालचालीने विष पुढे सरकतं. त्यामुळे तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात मी हल्ली साप काढत नाही. मोटारसायकल काढतो : चालवणारा पुढे, धरून बसणारा मागे, मध्ये रुग्ण, आणि त्याचा फळकुटाला बांधलेला पाय सरळ.